आधी टेप, मग दुकान

नवे कमोड खोक्यातून बाहेर येते. थर्मोकोल निघतो, प्लॅस्टिक निघते. प्लंबर आणि त्याचा मदतनीस ते उचलून आत नेतात, जमिनीतून वर आलेल्या चार इंची पाइपाच्या तोंडावर अलगद टेकवतात आणि दोन पावले मागे सरून बघतात. टाकीची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये पाच इंचांची फट. "काका, तुम्ही चार इंचाचं आणलंय. आपला पाइप नऊ इंचावर आहे." चार आणि नऊ या आकड्यांचा अर्थ काकांना तेव्हा पहिल्यांदा कळतो. उघडलेला माल परत घ्यायला दुकानदार खळखळ करतो, गवंड्याचा दिवस फुकट जातो आणि शेवटी कोणीतरी सुचवते, "फट बुजवून टाकू सिमेंटने."

घराच्या दुरुस्तीत हा प्रसंग इतक्या वेळा घडतो याचे कारण सरळ आहे. कमोड दुकानात पसंत केले जाते. ते पसंत करायचे असते घरात, तेही तीन गोष्टी पाहून: पाइप कुठे आहे, घरात कोणाचे गुडघे कसे आहेत आणि नळाला पाणी किती आहे. या तिन्हींची उत्तरे हातात असली की दुकानातल्या शंभर भांड्यांतली नव्वद आपोआप बाद होतात. रंग, आकार आणि कंपनी यांचा विचार उरलेल्या दहांत करायचा.

पहिली गोष्ट पाइपाची. भांड्यातली घाण बाहेर जाण्याचे दोन मार्ग असतात. पाइप जमिनीत उतरत असेल तर एस ट्रॅपचे भांडे लागते, मागच्या भिंतीत जात असेल तर पी ट्रॅपचे. जुन्या इमारतींत बहुतेक ठिकाणी एस असतो. नव्या इमारतींत पाइप स्लॅबखालून लटकते नेण्याची पद्धत वाढल्यापासून पी जास्त दिसतो. एस ट्रॅप असेल तर पूर्ण झालेल्या भिंतीपासून पाइपाच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर मोजावे. बाजारात मुख्यतः ४, ९ आणि १२ इंचांची भांडी मिळतात. इथे 'पूर्ण झालेली भिंत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून एक-दीड इंच सहज खातात, त्यामुळे उघड्या विटेपासून घेतलेले माप फरशीवाला येऊन गेल्यावर खोटे ठरते. पी ट्रॅप असेल तर तयार जमिनीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतची उंची मोजायची. ती साधारण ७ इंच, म्हणजे १८० मिलीमीटरच्या आसपास असते. पण अंदाजावर न जाता भांड्याच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ती ताडून घ्यावी.

आणखी दोन मापे लागतात. भांड्याच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत निदान १५ इंच मोकळे हवेत, नाहीतर बसणाऱ्याचा खांदा भिंतीला घासतो. समोर निदान २१ इंच हवेत आणि दार आत उघडत असेल तर ते उघडताना भांड्याला लागता कामा नये. लहान न्हाणीघरात लांबट, अंडाकृती भांड्यापेक्षा गोलसर आखूड भांडे घेतले की समोर दोन-तीन इंच सहज सुटतात.

पाइपाची जागाच बदलावी, असा सल्ला बरेचदा मिळतो. कधी वास्तुशास्त्राच्या नावाने, कधी सजावटकाराच्या आग्रहाखातर. स्वतंत्र बंगल्यात ते जमण्यासारखे असते. फ्लॅटमध्ये मात्र हा बदल शक्यतो करूच नये. संडासाखालचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो, त्यात पाइप टाकून वर ब्रिकबॅट कोबा आणि वॉटरप्रूफिंग केलेले असते. तो थर एकदा फोडला की पुन्हा तितकाच घट्ट होईल याची हमी चांगला गवंडीही देत नाही. भांडे चार फूट सरकवले तर पाइपाचा उतार कमी होतो आणि पाणी पुढे जाऊन मैला मागे राहतो. शिवाय खालच्या मजल्यावर त्याच जागी कोणाचे तरी स्वयंपाकघर किंवा देवघर असू शकते. सहकारी गृहनिर्माण संस्थांत फ्लॅटच्या आतल्या संडास-मोरीतून झालेली गळती दुरुस्त करायचा खर्च त्या सभासदावरच येतो, हे ध्यानात असावे.

आता गुडघे. घरात भारतीय पद्धतीचे भांडे असावे की कमोड, हा वाद आता जवळजवळ संपल्यासारखा झाला आहे. नव्या फ्लॅटमध्ये दोन्ही संडासांत कमोडच दिसते. हे फारसे चांगले झाले असे म्हणवत नाही. उकिडवे बसल्यावर गुदद्वाराच्या वरचे वळण सरळ होते आणि कुंथावे कमी लागते. इस्रायलमधील डॉ. डोव्ह सिकिरोव्ह यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८ निरोगी स्वयंसेवकांनी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या. उकिडवे बसून पोट साफ व्हायला सरासरी ५१ सेकंद लागले, नेहमीच्या उंचीच्या कमोडवर १३०. अभ्यास लहान होता, पण ज्यांनी दोन्ही वापरले आहे त्यांना त्यात नवल वाटणार नाही.

मात्र हे सगळे गुडघे वाकत असतील तोवरच. ज्यांना संधिवात आहे, ज्यांचे खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, ज्यांना उठताना चक्कर येते, त्यांच्यासाठी खालचे भांडे धोक्याचे आहे. संडासात पडून खुबा मोडला आणि मग आजी अंथरुणातून उठल्याच नाहीत, अशी घरे प्रत्येकाच्या ओळखीत निघतात. म्हणून निवड घरातल्या सर्वांत दुखऱ्या गुडघ्यांवरून करावी. दोन संडास असतील तर एक भारतीय आणि एक कमोड ही जुनी वाटणी अजूनही सर्वांत शहाणपणाची आहे. एकच असेल तर कमोड घ्यावे आणि ज्यांना उकिडवे बसायची सवय आहे त्यांच्यासाठी ७ ते ९ इंच उंचीचे एक पक्के स्टूल पायांखाली ठेवावे. गुडघे कमरेच्या वर आले की बराचसा फायदा मिळतो. कडेला पाय ठेवायला रुंद जागा असलेले 'अँग्लो-इंडियन' भांडे मात्र घेऊ नये. ओल्या चिनीमातीवर सोळा इंच उंचीवर उकिडवे बसणे कोणत्याही वयात सुरक्षित नाही आणि बसून वापरायलाही ते आरामाचे नसते.

कमोडच्या उंचीकडे फार थोडे लोक लक्ष देतात. बैठकीसह साधारण १६ इंच ही नेहमीची उंची. १७ ते १९ इंचांची भांडी वृद्धांसाठी म्हणून मिळतात. त्यावरून उठणे सोपे जाते हे खरे, पण पाच फूट उंचीच्या आजी त्यावर बसल्या की पाय अधांतरी लोंबकळतात, मांड्यांना रग लागते आणि पोटही नीट साफ होत नाही. यावर घरातच एक साधा उपाय आहे. ज्या खुर्चीवरून आजी हात न टेकता उठतात आणि जिच्यावर बसल्यावर त्यांचे तळवे जमिनीला पूर्ण टेकतात, त्या खुर्चीची उंची मोजावी. तेवढीच उंची कमोडची हवी. चाकांच्या खुर्चीतून सरकून बसायचे असेल तर ४५० ते ४८० मिलीमीटर उंची सोयीची पडते.

याच वेळी भिंतीला आधाराचा दांडा लावायचा ठरवून टाकावा. टाइल लागल्यावर ड्रिल मारून बसवलेला दांडा पोकळ जागी सापडला तर ऐन वेळी उखडून हातात येतो. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी आणि शक्य असेल तर दारही बाहेर उघडणारे असावे. आत पडलेले माणूस आत उघडणाऱ्या दाराला अडून राहते आणि मग दार तोडावे लागते.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि महाराष्ट्रात ती पहिली म्हणायला हवी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. त्या महिन्यात शहरातल्या ज्या घरांत दहा लिटरची जुनी टाकी होती, तिथे साखळी ओढायची कोणाची छाती झाली नसेल.

हिशेब सोपा आहे. चौघांचे कुटुंब, प्रत्येकाचे दिवसातून पाच वेळा जाणे. जुन्या दहा लिटरच्या टाकीने रोज २०० लिटर पाणी जाते. तेच ६ आणि ३ लिटरच्या दोन बटणांच्या टाकीत, एक मोठे आणि चार छोटे असे धरले तर माणशी १८ आणि घराचे ७२ लिटर होते. रोजची बचत १२८ लिटर, महिन्याची ३,८४०. चाळीस घरांच्या सोसायटीत ही बचत दीड लाख लिटरच्या पुढे जाते, म्हणजे दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. उन्हाळ्यात पुण्याच्या उपनगरांत किंवा छत्रपती संभाजीनगरात टँकरची बिले भरणाऱ्यांना या पंधराची किंमत सांगायला नको. ही दोन बटणांची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या कॅरोमा कंपनीत ब्रूस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये प्रत्यक्षात आणली. तो देशही कोरडाच.

मात्र केवळ टाकी बदलून भागत नाही. दहा लिटरसाठी घडवलेल्या जुन्या भांड्यात सहा लिटर सोडले तर मैला निघत नाही, लोक दोनदा बटण दाबतात आणि पाणी बारा लिटर जाते. भांडे आणि टाकी एकमेकांसाठी बनवलेली असावीत.

भांड्यातली घाण ढकलण्याच्या दोन रीती आहेत. वॉशडाउन भांड्यात वरून येणारे पाणी जोराने मैला ढकलते. सायफनिक भांड्यात ट्रॅप, म्हणजे आतले वळण, पाण्याने भरून आतूनच ओढ तयार होते. सायफनिकमध्ये पाण्याचा पृष्ठभाग मोठा असतो, डाग कमी पडतात, दिसायला छान. पण त्याचा मार्ग अरुंद आणि वळणाचा असतो आणि टाकीतले पाणी थोडे कमी पडले की ती ओढ तयारच होत नाही. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या गावात वॉशडाउनच घ्यावे. त्यात बादलीने पाणी ओतले तरी काम होते.

पाण्याच्याच कारणाने भिंतीतला नुसता फ्लश व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी नसलेला, घरासाठी टाळावा. त्याला पाण्याचा दाब लागतो. पाण्याची उंची १० मीटर असेल तेव्हा दाब १ बार मिळतो. गच्चीवरची टाकी शेवटच्या मजल्याच्या नळापासून जेमतेम तीन मीटर वर असते. तिथे व्हॉल्व्ह दाबला की पाणी सुस्तपणे ओघळते. खालच्या मजल्यावर चालणारी वस्तू वरच्या मजल्यावर चालत नाही, याचा उलगडा इथे होतो. टाकी मात्र सावकाश भरली तरी रिकामी होताना तेवढ्याच जोराने होते.

भिंतीला टांगलेल्या, म्हणजे वॉल-हंग कमोडची सध्या चलती आहे. त्याचा खरा गुण दिसण्यात नाही, पुसण्यात आहे. खालची जमीन मोकळी राहते, पोछा सरळ फिरतो आणि बुडाशी पिवळी कड साचत नाही. उंचीही हवी तशी ठरवता येते, म्हणून वृद्धांच्या घरात ते उपयोगी पडते. "हे तुटून पडणार नाही ना?" हा प्रश्न प्रत्येक दुकानात विचारला जातो. युरोपीय मानकानुसार या भांड्यांची चाचणी ४०० किलो भाराने होते, त्यामुळे भीती भांड्याची नाही, भिंतीची आहे. नऊ इंची विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत बोल्ट घट्ट बसतात. चार इंची भिंतीत ते हळूहळू ढिले होतात आणि भांडे डुलू लागते. तिथे जमिनीवर पाय रोवलेली लोखंडी फ्रेम लावून तिच्यावरच भांडे टांगावे. आत दडवलेल्या टाकीची दुरुस्ती बटणाच्या पाटीमागच्या खिडकीतून होते, म्हणून त्या पाटीवर टाइल किंवा फर्निचर येऊ देऊ नये. टाकीचे सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, हे विकत घेण्याआधी विचारावे. बाहेरून मागवलेली देखणी टाकी एका रबरी वॉशरसाठी तीन आठवडे बंद पडून राहू शकते.

दुकानात गेल्यावर डोळ्यांपेक्षा हाताने बघावे. भांड्याच्या बुडाशी, पाणी जिथे वळते तिथे बोटे घालून पाहावीत. आतपर्यंत गुळगुळीत लागले तर चकाकीचा थर आतही दिलेला आहे. खरखरीत लागले तर मैला तिथेच धरणार. नाण्याने हळूच वाजवून पाहावे, आवाज खणखणीत आला पाहिजे; बद्द आवाज म्हणजे कुठेतरी तडा. सपाट फरशीवर ठेवून डुलते का ते पाहावे. चिनीमाती भट्टीत आकसते आणि थोडीफार वाकतेही, म्हणून ही तपासणी महागड्या मालालाही लागू आहे. या वस्तूंसाठी आयएस २५५६ हे भारतीय मानक आहे. गुजरातेत मोरबी आणि थानगडला मोठे आणि छोटे असंख्य कारखाने आहेत, त्यांतला बराच माल स्वस्त आणि चांगला असतो. पण बिनमार्कचा माल घेऊ नये. कडेखाली पोकळ कंगोरा नसलेली, रिमलेस भांडी घासायला फार सोपी पडतात आणि थोडे जास्त पैसे कुठे घालायचे असतील तर ते इथे घालावेत. झाकण घेताना पॉलिप्रॉपिलिन हलके आणि चिवट असते, युरियाचे जड, चकचकीत आणि ओरखडे कमी घेणारे. पाच वर्षांनी ते बदलावे लागेलच, म्हणून चित्रविचित्र आकाराचे भांडे टाळावे; त्याचे झाकण पुन्हा मिळत नाही.

बोअरवेलचे जड पाणी असलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट मनाशी धरावी. क्षारांची तपकिरी रेघ पडणारच. ती घालवायला दर आठवड्याला ॲसिड ओतले की फरशीच्या सांध्यातले सिमेंट झिजते, धातूचे भाग गंजतात आणि सेप्टिक टँक असेल तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. रात्री लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून ओतावे आणि सकाळी ब्रशने घासावे. ॲसिड आणि ब्लीचिंग हे दोन्ही एकत्र कधीही वापरू नयेत. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो.

भांड्याच्या तळाशी नेहमी उभे असलेले पाणी पुष्कळांना बिनकामाचे वाटते. घरात गटाराचा वास येत नाही तो त्याच पाण्यामुळे. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये एस आकाराच्या वळणाचे पेटंट घेतले आणि पाणी धरून ठेवणारे तसले वळण आजही प्रत्येक भांड्यात आहे. मुंबईत नोकरी आणि कोकणात घर असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. घर महिनोन्महिने बंद राहिले की ते पाणी सुकते, वास आणि झुरळे वर येतात. गणपतीला दार उघडल्यावर पहिली बादली संडासात आणि दुसरी न्हाणी ट्रॅपमध्ये ओतावी.

गावाकडच्या घरात निवड भांड्यापाशी संपत नाही, ती मागच्या खड्ड्यापर्यंत जाते. २०००-०१ पासून संत गाडगेबाबांच्या नावाने राबवलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने आणि पुढे १२,००० रुपयांच्या अनुदानाने गावोगावी संडास झाले. त्यात दोन शोषखड्ड्यांची पद्धत सर्वांत चांगली. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. बंद केलेल्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत निर्धोक खत होते आणि ते काढायला कोणाला घाणीत उतरावे लागत नाही. सेप्टिक टँक साफ करायला सुरक्षेच्या साधनांविना माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तरी त्यात माणसे मरतात, एवढे कारण दोन खड्ड्यांची बाजू घ्यायला पुरेसे आहे. या पद्धतीला जास्त उताराचे ग्रामीण भांडे लागते. दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होते. तिथे शहरासारखे मोठ्या टाकीचे कमोड बसवले तर खड्ड्यात पाणीच पाणी होते आणि ते मुरत नाही. वृद्धांसाठी हवे असेल तर भारतीय भांड्यावर ठेवायची खुर्ची वापरावी. खड्डे विहिरीपासून निदान १० मीटर दूर हवेत, आणि कोकणासारख्या, जमिनीतले पाणी वर असलेल्या भागात खड्ड्याची खोली ठरवताना पावसाळ्यातली विहिरीची पातळी पाहावी.

बसवण्याचे काम चालू असताना घरातल्या कोणीतरी हजर राहावे. भांडे जमिनीत सिमेंटने बुजवू देऊ नये. बोल्ट लावून कडेने सिलिकॉन भरायला सांगावे. सिमेंटमध्ये गाडलेले भांडे पुढे काढताना फुटतेच. जमिनीच्या वॉटरप्रूफिंगवर फरशी बसण्याआधी दोन दिवस पाणी साठवून खालच्या घरी जाऊन छत पाहून यावे. भांडे बसल्यावर टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून बटण न दाबता अर्धा तास थांबावे. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गळतो आहे आणि वाचवलेले सगळे पाणी गुपचूप तिथून जाणार आहे.

आणि भिंती बंद होण्याआधी उघड्या पाइपांचे फोटो काढून ठेवावेत. फोटोत पाइपाशेजारी टेप धरलेली असावी आणि तिच्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत.